आर्यभटाची नौका

२२ जुलै २००९ च्या पहाटे पाटण्याजवळच्या तरेगणा या गावी मोठा जनसमुदाय आकाशाकडे डोळे लावून उभा होता. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा या गावावरून जाणार होता. आर्यभट याच ठिकाणी बसून तारे मोजत असे, अशी स्थानिक दंतकथा असल्याने त्या दिवशी गावाला यात्रेचे रूप आले होते. ऐन वेळी ढगांनी दगा दिला आणि बहुतेकांना भरदिवसाच्या अंधारावरच समाधान मानावे लागले. आर्यभटाची वेधशाळा तरेगण्यात होती, याला ठोस पुरावा नाही. पण ग्रहण पाहायला निघालेल्या माणसांना दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका ज्योतिर्विदाची आठवण व्हावी, हे उचितच होते. ग्रहण ही सावल्यांची गोष्ट आहे, असे संस्कृतात नि:संदिग्धपणे लिहून ठेवणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे.

आर्यभटाचे नाव आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. त्याचा ग्रंथ मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. त्यामुळे त्याच्या नावावर वाटेल ते खपते. शून्याचा शोध त्याने लावला, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याने कोपर्निकसच्या हजार वर्षे आधी सांगितले, गुरुत्वाकर्षणही त्याला ठाऊक होते, अशी विधाने सभासंमेलनांतून सर्रास ऐकू येतात. दुसरीकडे, हे सारे अतिरंजित आहे म्हणून आर्यभटालाच मोडीत काढणारेही आढळतात. त्याने खरोखर काय म्हटले, कशाच्या आधारावर म्हटले आणि त्याच्या म्हणण्याचे पुढे काय झाले, हे पाहिले तर या दोन्ही टोकांपेक्षा कितीतरी अधिक वेधक असा इतिहास हाती लागतो.

तेविसाव्या वर्षीचा ग्रंथ

आर्यभटाच्या चरित्राविषयी नक्की सांगता येण्याजोग्या गोष्टी अगदी थोड्या आहेत. कलियुगाची ३,६०० वर्षे संपली तेव्हा आपल्या जन्माला तेवीस वर्षे झाली होती, असे तो स्वतःच सांगतो. त्यावरून त्याचे जन्मवर्ष इ. स. ४७६ आणि ग्रंथातील कालबिंदू इ. स. ४९९ असा निघतो. कुसुमपुरात मान्यता पावलेले ज्ञान आपण मांडत आहोत, असेही तो म्हणतो. कुसुमपुर म्हणजे पाटलिपुत्र, असे परंपरा मानते. सातव्या शतकातील त्याचा भाष्यकार पहिला भास्कर मात्र त्याला 'अश्मकीय' म्हणतो. अश्मक म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातील, आजच्या मराठवाडा आणि तेलंगणाच्या सीमेकडचा प्रदेश, असे बरेच अभ्यासक मानतात. काही जण त्याचा संबंध केरळशी जोडतात. त्याचे नाव 'आर्यभट' असेच आहे. आपल्याकडे वृत्तपत्रांतून अनेकदा छापले जाणारे 'आर्यभट्ट' हे रूप त्याच्या ग्रंथात नाही, आणि त्याच्या श्लोकांच्या वृत्तातही ते बसत नाही.

'आर्यभटीय' हा त्याचा ग्रंथ अवघ्या १२१ श्लोकांचा आहे. गीतिकापाद, गणितपाद, कालक्रियापाद आणि गोलपाद असे त्याचे चार भाग. पहिल्या भागात ग्रहांच्या भगणांचे मोठमोठे आकडे अक्षरांत गुंफलेले आहेत. प्रत्येक अक्षराला संख्येचे मोल देऊन कोट्यवधींचा आकडा एकाच शब्दात बसवण्याची युक्ती त्याने योजली होती. दुसऱ्या भागात गणित, तिसऱ्यात कालगणना आणि ग्रहगती, तर चौथ्यात आकाशगोलाचा विचार आहे. रचना इतकी आटोपशीर आहे की भाष्याच्या मदतीवाचून तिचा अर्थ लागणे कठीण. या आटोपशीरपणामुळेच पुढे मोठा घोळ झाला, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या ग्रंथातील विचाराची जात कळण्यासाठी गणितपादातील एकच उदाहरण पुरेसे आहे. २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ असतो, असे आर्यभट सांगतो. म्हणजे परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३.१४१६ येते. हा आकडा चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे, याचे कौतुक नेहमी होते. पण त्याने वापरलेला 'आसन्न' हा शब्द त्याहून महत्त्वाचा आहे. हे उत्तर जवळपासचे आहे, तंतोतंत नव्हे, अशी कबुली त्यात आहे. जे ज्ञान हाती आले त्याची मर्यादाही त्याच दमात सांगणे, हा शास्त्रीय वृत्तीचा पहिला पाठ होय.

कदंबाच्या फुलासारखी पृथ्वी

गोलपादात विश्वाचे जे चित्र उभे राहते, ते असे : नक्षत्रांच्या पिंजऱ्याच्या मध्यभागी, आकाशात कोणत्याही आधारावाचून पृथ्वी आहे. ती सर्व बाजूंनी गोल असून माती, पाणी, अग्नी आणि वायू यांची बनलेली आहे. कदंबाच्या फुलाच्या गोंड्यावर जसे सर्व बाजूंनी केसर उभे असतात, तसे पृथ्वीच्या गोळ्यावर सर्व बाजूंनी प्राणी राहतात. ज्यांनी पावसाळ्यात फुललेला कदंब पाहिला आहे त्यांना या उपमेचे सौंदर्य निराळे सांगायला नको. पण ती केवळ अलंकार म्हणून आलेली नाही. पृथ्वी गोल असेल तर खालच्या बाजूचे लोक पडत कसे नाहीत, या शंकेचे उत्तर तिच्यात आहे. गोलावर 'खाली' अशी एकच दिशा नसते. प्रत्येकाचे पाय केंद्राकडे आणि डोके आकाशाकडे असते.

पृथ्वी, ग्रह आणि तारे या सर्व गोलांचा अर्धा भाग स्वतःच्या छायेमुळे अंधारात असतो आणि सूर्याकडचा अर्धा भाग उजळलेला असतो, असेही तो सांगतो. चंद्र आणि ग्रहांच्या बाबतीत हे खरे आहे. ताऱ्यांच्या बाबतीत ते चुकले. तारे स्वयंप्रकाशी असतात, हे कळण्याची साधने त्या काळी नव्हती.

पौराणिक विश्वकल्पनेशी आर्यभटाने कसा व्यवहार केला, हे पाहण्यासारखे आहे. पुराणांतला मेरू पर्वत ८४,००० योजने उंच आहे. आर्यभटाने मेरू नाकारला नाही. त्याला उत्तर ध्रुवावर नेऊन बसवले आणि त्याची उंची अवघी एक योजन ठेवली. ज्या पृथ्वीचा व्यास त्याच्या मते १,०५० योजने होता, तिच्यावर ८४,००० योजनांचा पर्वत मावणार तरी कसा? देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे एक वर्ष, ही समजूत त्याने अशीच भूमितीत बसवली. देव मेरूवर, म्हणजे ध्रुवावर राहतात असे धरले, तर तेथे सहा महिने सूर्य मावळत नाही आणि सहा महिने उगवत नाही, हे गोलाच्या रचनेवरूनच निघते. जुने शब्द राहिले. त्यांच्या आत बसलेला अर्थ मात्र गणिताचा झाला.

राहूऐवजी सावली

महाराष्ट्रात 'दे दान, सुटे गिराण' ही आरोळी ग्रहणाच्या वेळी पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली. राहूच्या तावडीतून चंद्रसूर्य सुटावेत म्हणून दान द्यायचे, ही तिच्यामागची कल्पना. गरोदर स्त्रीने भाजी चिरू नये, शिजवलेले अन्न टाकून द्यावे, इथपर्यंत तिचे धागे पोहोचतात. आर्यभटाने मात्र ग्रहणाचे कारण एका वाक्यात सांगितले आहे : सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली. त्याच्या ग्रहणाच्या गणितात राहू नावाच्या राक्षसाला जागाच नाही.

हे केवळ मत म्हणून मांडलेले नाही. पृथ्वीची सावली आकाशात किती लांबवर पोहोचते, चंद्राच्या अंतरावर तिची जाडी किती असते, चंद्र तिच्यात किती वेळ राहील, हे काढण्याच्या रीती त्याने दिल्या आहेत. सावलीची लांबी तो समरूप त्रिकोणांच्या साध्या तत्त्वावर काढतो : दिव्यासमोर उभ्या केलेल्या काठीची सावली मोजायची जी रीत, तीच सूर्य आणि पृथ्वी यांना लावलेली. त्याखेरीज प्रत्यक्ष पाहण्यावाचून सुचणार नाहीत असे तपशीलही त्यात आहेत. चंद्रग्रहणाच्या आरंभी चंद्र धुरकट दिसतो, अर्धामुर्धा ग्रासला की काळा, पूर्ण ग्रासल्यावर पिंगट आणि सावलीत खोल गेल्यावर काळपट तांबूस. सूर्याचा एक अष्टमांश भाग ग्रासला गेला तरी तेजामुळे ते डोळ्यांना कळत नाही; म्हणून तेवढ्या ग्रहणाचे भाकीत करू नये, असा व्यवहारी सल्लाही तो देतो. गणितातून जे निघते आणि डोळ्यांना जे दिसते, त्यांतला फरक ओळखणारा हा माणूस आहे.

नौकेत बसलेला माणूस

आर्यभटाचे सर्वांत धाडसी विधान मात्र पृथ्वीच्या फिरण्याविषयीचे आहे. तारे पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात, हे तर प्रत्येकाला दिसते. यावरून सारे आकाश पृथ्वीभोवती फिरते, असा निष्कर्ष काढणे स्वाभाविक आहे. आर्यभट एक साधा अनुभव पुढे ठेवतो. पुढे जाणाऱ्या नौकेत बसलेल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. तसेच विषुववृत्तावरच्या लंकेतील माणसाला स्थिर असलेले तारे सरळ पश्चिमेकडे जाताना दिसतात. नौका म्हणजे पृथ्वी, काठ म्हणजे आकाश.

ही उपमा सहज सुचलेली कल्पना म्हणून सोडून देता येत नाही, कारण गीतिकापादात तिला आकड्याची जोड आहे. एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, पृथ्वी पूर्वेकडे १,५८,२२,३७,५०० वेळा फिरते, असे तेथे म्हटले आहे. त्यातून सूर्याचे ४३,२०,००० भगण वजा केले की महायुगातील दिवसांची संख्या मिळते : १,५७,७९,१७,५००. आता भागाकार केला तर पृथ्वीच्या एका फेऱ्याला २३ तास, ५६ मिनिटे आणि ४.१ सेकंद लागतात, असे उत्तर येते. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या पृथ्वीच्या फेऱ्याचा आजचा आकडाही जवळजवळ हाच आहे. कोणताही तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो, हे आकाशनिरीक्षकांना ठाऊक असते. त्याचे मूळ याच फरकात आहे. वर्षाचे मान त्याच्या आकड्यांवरून ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटे, ३० सेकंद निघते. आजच्या नाक्षत्र वर्षाच्या तुलनेत ते सव्वातीन मिनिटांच्या आसपास जास्त आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पृथ्वी फिरते म्हटले काय किंवा आकाश फिरते म्हटले काय, हे आकडे तेच राहतात. पंचांग करणाऱ्याला दोन्ही कल्पना सारख्याच उपयोगाच्या. अमुक तिथी केव्हा संपेल किंवा ग्रहण केव्हा लागेल, हे काढण्यासाठी पृथ्वी फिरवण्याची काहीच गरज नव्हती. तरीही आर्यभटाने ती फिरवली. व्यवहाराला न लागणारा, केवळ 'खरे काय आहे' या जिज्ञासेपोटी विचारलेला प्रश्न त्याच्या मनात होता, असे यावरून म्हणता येते. व्यवहाराला न लागणारे उत्तर टाकून देणे पुढच्यांना सोपे गेले, तेही याच कारणाने.

घारी घरट्यात परततात कशा?

आर्यभटाला झालेला विरोध अडाणीपणाचा होता, असे समजणे चूक ठरेल. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'पंचसिद्धांतिके'त घेतलेले आक्षेप तर्काला धरून होते. पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेल्या घारी आपल्या घरट्याकडे परत कशा येतात? घरटे तर केव्हाच पुढे निघून गेले असेल. इतक्या वेगाने पृथ्वी पूर्वेकडे धावत असती, तर ध्वजपताका सदैव पश्चिमेकडे फडफडत राहिल्या असत्या. इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्तानेही विचारले, की पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू खाली का कोसळत नाहीत?

विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग तासाला सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने सरकतो. हा वेग आपल्याला का जाणवत नाही, याचे उत्तर द्यायला जडत्वाची कल्पना लागते. सतराव्या शतकात गॅलिलिओने ते उत्तर दिले, आणि योगायोग असा की त्यानेही जहाजाचाच आधार घेतला. संथ चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत उडणाऱ्या माश्या एका भिंतीकडे ढकलल्या जात नाहीत, कारण जहाजाची गती त्यांच्यातही असते, असे त्याने १६३२ च्या आपल्या 'संवादा'त दाखवून दिले. घारीचे आणि पताकेचे उत्तर तेच आहे. हवा आणि घार दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात. पृथ्वीचे फिरणे सर्वांच्या डोळ्यांपुढे सिद्ध व्हायला तर १८५१ साल उजाडावे लागले; पॅरिसमध्ये फूकोने टांगलेल्या लंबकाच्या आंदोलनाची दिशा हळूहळू वळताना लोकांनी पाहिली. आर्यभटाजवळ योग्य विधान होते, पण आक्षेपांना पुरे पडेल असे गतिशास्त्र नव्हते. वराहमिहिराजवळ चुकीचा निष्कर्ष होता, पण त्याचे प्रश्न योग्य होते. दोघेही विज्ञानाच्याच भाषेत बोलत होते.

नवव्या शतकातील पृथूदकस्वामी ब्रह्मगुप्ताचाच भाष्यकार. पण या मुद्द्यावर त्याने आर्यभटाची बाजू घेतली. पृथ्वीवर जेथे पाहणारा उभा असेल तेथे त्याचे 'वर' असते, मग वस्तू कोसळून जाणार कोठे, असे त्याचे उत्तर होते. ज्याच्यावर भाष्य लिहायचे त्याचेच खंडन करण्याची मोकळीक या परंपरेत होती, हेही यातून दिसते.

ब्रह्मगुप्ताची कोंडी

ब्रह्मगुप्ताची दुसरी टीका मात्र निराळ्या जातीची आहे. ग्रहण राहूमुळे होत नाही, असे म्हणणारे लोक वेद आणि स्मृती यांच्याविरुद्ध बोलतात, असा आरोप तो करतो. येथे तर्काची जागा प्रामाण्याने घेतली. आणि गंमत अशी, की स्वतः ग्रहणाचे गणित मांडताना ब्रह्मगुप्त चंद्राचा व्यास आणि पृथ्वीची सावलीच वापरतो. दुसरा काही इलाजच नव्हता.

अकराव्या शतकात भारताविषयी अरबीत ग्रंथ लिहिणाऱ्या अल्‌-बिरूनीच्या नजरेतून ही विसंगती सुटली नाही. इतका थोर गणिती असे का लिहितो, याचे त्याला नवल वाटले. सॉक्रेटिसावर जो प्रसंग आला तशा एखाद्या संकटाच्या भीतीने ब्रह्मगुप्ताने आपल्या विवेकबुद्धीविरुद्ध लिहिले असावे, असा तर्क त्याने केला. या तर्काला पुरावा नाही. पण ज्ञान आणि लोकमान्यता यांच्या कात्रीत सापडलेल्या विद्वानाचे दु:ख त्याने नेमके ओळखले, असे वाटते. खुद्द अल्‌-बिरूनीला आर्यभटाचा ग्रंथ पाहायला मिळाला नाही; त्याला आर्यभट समजला तो ब्रह्मगुप्ताने दिलेल्या अवतरणांवरून. पुढे इ. स. ६६५ मध्ये उतारवयात लिहिलेल्या 'खंडखाद्यका'त ब्रह्मगुप्ताने आर्यभटाच्याच पद्धतीचा आधार घेतला. टीकेनंतर वापर, ही विज्ञानातील सर्वांत खरी दाद होय.

एका अक्षराचा प्रवास

आर्यभटाच्या अनुयायांनी त्याला वाचवण्यासाठी जे केले, ते विरोधकांच्या टीकेपेक्षा अधिक नुकसानकारक ठरले. एका 'प्राणा'त, म्हणजे चार सेकंदांत, पृथ्वी एक कला फिरते, असे गीतिकापादात एके ठिकाणी म्हटले आहे. हिशेब सरळ आहे : दिवसाचे २१,६०० प्राण आणि वर्तुळाच्या २१,६०० कला. ब्रह्मगुप्ताने या ओळीवर टीका करताना तीत 'भूः', म्हणजे पृथ्वी, असाच शब्द दिला आहे. पण नंतरच्या काही पोथ्यांत त्या जागी 'भं' आढळते. 'भ' म्हणजे नक्षत्र. एक अक्षर बदलले आणि पृथ्वी थांबून आकाश फिरू लागले. विरोधकाने टीकेसाठी उद्धृत केलेला शब्द मूळ राहिला आणि अनुयायांच्या पोथ्यांत तो पालटला, असा हा विपरीत प्रकार.

ज्यांनी शब्द बदलला नाही त्यांनी अर्थ बदलला. पंधराव्या शतकातील केरळचा परमेश्वर हा थोर वेधकर्ता. अनेक दशके ग्रहणांचे वेध घेऊन त्याने १४३१ मध्ये 'दृग्गणित' रचले. पण नौकेच्या श्लोकावर भाष्य करताना त्याने पृथ्वीचे फिरणे हाच भ्रम ठरवला. याला मूळ ग्रंथातही थोडा वाव होता, हे मान्य करावे लागेल. नौकेच्या श्लोकानंतर लगेचच प्रवह नावाच्या वायूने नक्षत्रमंडळ पश्चिमेकडे ढकलले जाते, असा श्लोक येतो. तो लोकांना जे दिसते त्याचे वर्णन म्हणून घ्यायचा, की आर्यभटाचे मत म्हणून, यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत. मात्र पृथ्वीच्या फेऱ्यांचा स्पष्ट आकडा आणि त्यावर समकालीनांच्या नजीकच्या पिढ्यांनी केलेली टीका लक्षात घेतली, तर आर्यभट पृथ्वीला फिरती मानत होता, याविषयी फारशी शंका उरत नाही.

त्याने जे म्हटले नाही

आर्यभटाला मोठे करण्यासाठी त्याच्या तोंडी नसलेली विधाने घालण्याची गरज नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, असे तो म्हणतो. ती सूर्याभोवती फिरते, असे म्हणत नाही. त्याच्या विश्वात पृथ्वीच मध्यभागी आहे. चंद्र, सूर्य आणि ग्रह तिच्याभोवती फिरतात. त्याच्या ग्रहगणितामागे सूर्यकेंद्री कल्पना दडली असावी, असा तर्क गेल्या शतकात वान डर वार्डन या गणितज्ञ-इतिहासकाराने मांडला होता. पण तो सर्वसाधारणपणे स्वीकारला गेलेला नाही.

त्याच्या चुकाही शिकण्यासारख्या आहेत. चंद्राचा व्यास त्याने ३१५ योजने दिला, म्हणजे पृथ्वीच्या ०.३ पट, आजचे गुणोत्तर ०.२७ आहे. अंदाज उत्तम. सूर्याचा व्यास मात्र ४,४१० योजने, म्हणजे पृथ्वीच्या जेमतेम सव्वाचार पट; प्रत्यक्षात तो सुमारे १०९ पट आहे. इतकी तफावत का? सर्व ग्रह ठरावीक काळात सारखेच अंतर कापतात, असे त्याने गृहीत धरले. चंद्राला एक फेरी करायला सुमारे २७.३ दिवस लागतात आणि सूर्याला ३६५ दिवस. म्हणून सूर्य चंद्रापेक्षा सुमारे तेरा पट दूर ठरला. प्रत्यक्षात तो जवळजवळ ३९० पट दूर आहे. गणित बिनचूक होते, गृहीतक चुकले. युक्तिवाद कितीही नेटका असला तरी त्याचा पाया अनुभवाने तपासावा लागतो, हे यापेक्षा चांगले कोणते उदाहरण सांगेल?

दोन नौका

ग्रंथाच्या शेवटी आर्यभटाने आपल्या कामाचे स्वरूप स्वतःच सांगितले आहे. खऱ्या आणि खोट्या ज्ञानाचा एक समुद्र आहे. त्यात बुडालेले सत्य ज्ञानाचे उत्तम रत्न आपण देवतेच्या कृपेने, स्वतःच्या बुद्धीच्या नौकेने वर काढले, असे तो म्हणतो. ग्रंथात नौका पुन्हा येथे भेटते. पहिली नौका डोळ्यांना फसवते. जे स्थिर आहे ते चालताना दाखवते. दुसरी नौका बुद्धीची. ती त्या फसवणुकीच्या पलीकडे नेते.

या वाक्यातील प्रत्येक भाग महत्त्वाचा आहे. परंपरेने आलेले सगळेच ज्ञान खरे नाही. त्यात खऱ्याखोट्याची सरमिसळ आहे. सगळे खोटेही नाही. त्यात रत्न आहे. आणि ते निवडण्याचे साधन स्वतःची बुद्धी हे आहे. याच वृत्तीने त्याने युगांचे स्मृतिप्रणीत मानही बदलले. कृत, त्रेता, द्वापर आणि कली यांचे ४ : ३ : २ : १ असे प्रमाण सोडून त्याने महायुगाचे १०,८०,००० वर्षांचे चार सारखे भाग केले. काळाला आरंभ नाही आणि अंतही नाही, त्याचे माप ग्रहांच्या गतीवरून घ्यायचे, अशी त्याची धारणा होती. ब्रह्मगुप्ताला हे स्वातंत्र्य मुळीच रुचले नाही.

आर्यभटाला आजच्या अर्थाने बुद्धिप्रामाण्यवादी म्हणणे मात्र सयुक्तिक ठरणार नाही. तो ब्रह्म्याला वंदन करून आरंभ करतो आणि आपल्या ग्रंथाची नक्कल किंवा निंदा करणाऱ्याचे पुण्य आणि आयुष्य नष्ट होईल, असे सांगून शेवट करतो. देवतेची कृपा आणि स्वतःची बुद्धी यांत त्याला विरोध दिसत नव्हता. सुमारे हजार वर्षांनंतरचा त्याचा भाष्यकार, केरळचा नीलकंठ सोमयाजी, याने या कृपेचा फार सुंदर उलगडा केला आहे : देवतेची कृपा म्हणजे बुद्धीला लाभणारी निर्मळता, देव स्वतः येऊन गणित शिकवत नाही. म्हणून नवे वेध घ्यावेत आणि गणित चुकत असेल तर ते सुधारावे, असा त्याचा आग्रह होता. नीलकंठाने पृथ्वीभोवती फिरणाऱ्या सूर्याभोवती इतर ग्रहांना फिरवले आणि ग्रहगणितात सुधारणा केली. आर्यभटाचा खरा वारसा पोथी जपणाऱ्यांकडे आला, त्याहून अधिक तो अशा सुधारणा करणाऱ्यांकडे आला.

मुंबईच्या डॉक्टरचे ऋण

मधल्या काळात उत्तरेत 'आर्यभटीया'च्या पोथ्या दुर्मिळ झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलब्रूकसारख्या पंडितालाही आर्यभट इतरांच्या अवतरणांतूनच ठाऊक होता. ही उणीव भरून काढण्यात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचा वाटा मोठा आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेल्या या वैद्याने दक्षिणेतून 'आर्यभटीया'च्या पोथ्या मिळवल्या आणि १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळासंबंधी निबंध प्रसिद्ध केला. १८७४ मध्ये डच विद्वान केर्न यांनी लायडन येथे परमेश्वराच्या भाष्यासह हा ग्रंथ छापला. १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, तेव्हा आर्यभटाचे मूल्यमापन मूळ आधार पाहून करण्याची वाट मराठी वाचकालाही मोकळी झाली.

१९ एप्रिल १९७५ रोजी भारताचा पहिला उपग्रह सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून झेपावला, तेव्हा त्याला आर्यभटाचेच नाव देण्यात आले. पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या माणसाच्या नावाचे एक यंत्र पृथ्वीभोवती फिरू लागले. नावाचा गौरव असा झाला. विचाराचा गौरव करणे अधिक कठीण आहे. परंपरेच्या समुद्रात रत्न आहे म्हणून सगळा समुद्रच पूज्य मानणे, किंवा त्यात कचरा आहे म्हणून त्याकडे पाठ फिरवणे, दोन्ही सोपे. तेवीस वर्षांच्या एका तरुणाने तिसरा मार्ग धरला होता. तो नौकेत बसला, खोल पाण्यात गेला, जे हाती लागले ते तपासून पाहिले आणि आकडा सांगताना तो 'आसन्न' आहे, हेही नोंदवून ठेवले.